गिरणी, सेटलमेंट आणि एक सभा

१८६० साली मुंबईहून निघालेले रेल्वेचे रूळ सोलापुरापर्यंत आले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच अमेरिकन पाद्र्यांनी इथे बस्तान बसवायला सुरुवात केली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची ही माणसं. त्यांचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले होते. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. सोलापूर ही त्या नगरी पसाऱ्याची पुढची पायरी. इथल्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव चार्ल्स हार्डिंग यांचं. त्यांच्यानंतर लॉरिन गेट्स आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सेस यांनी सोलापुरात उभी हयात काढली.

नगर जिल्ह्यात या मिशनची एक घडी बसलेली होती. गावाबाहेरच्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात जायचं, एक शाळा काढायची, तिथला मास्तरच रविवारी उपासना घेणार. मराठी शिकलेला अमेरिकन साहेब घोड्यावरून किंवा छकड्यातून वर्षाकाठी गावोगाव फिरणार. कीर्तनाला माणसं जमतात हे ध्यानात आल्यावर नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तनंही सुरू केली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं त्यातलं काम मोठं आहे. ही घडी खेड्याला चपखल बसत होती. सोलापूर मात्र खेडं नव्हतं, आणि फार काळ निव्वळ बाजारपेठही राहणार नव्हतं.

सोलापूर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. शहराचं दैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, बसवण्णांच्या मांदियाळीतले. जानेवारीत त्यांची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वजांपुढे जो जयजयकार उठतो त्यात कन्नड आणि मराठी अशी मिसळलेली असते की वेगळी काढता येत नाही. पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या वस्त्या. निजामाच्या तेलंगणातून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, माग घेऊन आणि तेलुगू घेऊन. त्याशिवाय दखनी उर्दू बोलणारे मुसलमान, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, आणि या सगळ्यांच्या मधोमध मराठी. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ७५ हजारांच्या घरात गेली होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि भांडताना तिन्ही, हा सोलापुरी पोराचा खाक्या तेव्हापासूनचाच असावा.

अशा गावात धर्म सांगायचा तर कोणत्या भाषेत? मिशनचं उत्तर ठरलेलं होतं. पंथापंथांच्या मिशनांनी एकमेकांच्या शेतात न जाण्याचा समंजस करार करून घेतला होता आणि त्या वाटणीची बांधबंदिस्ती बरीचशी भाषांवर झाली होती. कन्नड मुलूख धारवाड-हुबळीकडून बासेल मिशनचा, तेलुगू मुलूख नेल्लोर-ओंगोलकडून अमेरिकन बाप्टिस्टांचा, मराठी मुलूख या बोस्टनवाल्यांचा. कागदावर ही व्यवस्था नेटकी होती. पण जिथे तिन्ही बांध एकत्र येतात तिथेच सोलापूर वसलेलं. पद्मशाली विणकराला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस दोनशे कोसांवर, आणि दाराशी उभा असलेला पाद्री मराठी बोलणारा. शिवाय त्या विणकराला मार्कंडेयाचं देऊळ होतं, जातपंचायत होती, अडीअडचणीला धावणारे सोयरे होते. परक्या गावात ज्या गोतावळ्यावर तो उभा होता तो सोडून येशूकडे जाण्याचं त्याला काही कारण नव्हतं. लिंगायतांचंही तेच. म्हणून शहरात ठाणं, बंगला, चर्च सगळं असूनही मिशनची माणसं मिळत होती ती मुख्यतः आजूबाजूच्या खेड्यांतून, आणि पुन्हा त्याच दोन वाड्यांतून.

त्यात दुष्काळ. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा सगळ्यांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. मग १८९६-९७, आणि लगेच १८९९-१९००. दर वेळी मिशनच्या अंगणात पोरकी मुलं वाढत गेली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा या मुलांनी जन्मभर ऐकला, त्यांच्या नातवंडांनीही ऐकला. मला हा टोमणा नेहमीच कोता वाटत आलाय. भाकरीसाठी गाव सोडणं, मिरज किंवा मुंबई गाठणं, गिरणीत नाव घालणं याला कोणी बाटणं म्हणत नाही. पंगतीबाहेर ठेवलेल्या माणसाने ज्याने पंगतीत घेतलं त्याच्या देवाला हात जोडले, तर त्यात हिशेब किती आणि श्रद्धा किती हे तिऱ्हाइताने कशाला मोजायचं? पण त्याचबरोबर हेही खरं की अशी वाढलेली मंडळी मिशनच्या पगारावर, मिशनच्या आवारात, मिशनच्या कलाने जगणारी झाली. पुढे येणाऱ्या एका सभेत हेच दुखणं निघणार होतं.

शहराशी मिशनची खरी ओळख झाली ती बायकांमुळे. एस्थर फाऊलर यांनी मुलींची शाळा चालवली. ‘वोरोनोको’ हे त्या शाळेचं दूर मॅसॅच्युसेट्समधल्या एका ठिकाणाचं नाव सोलापूरकरांनी जिभेवर घोळवून आपलंसं केलं. मेरी हार्डिंग यांनी किंडरगार्टन काढलं आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करण्याचा वर्ग. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. ताराबाई मोडक यांच्या नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ ची. त्याआधी कितीतरी वर्षं सोलापुरात मराठी बायका फ्रेबेलची पद्धत शिकत होत्या.

ही पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. फ्रेबेलने मुलांसाठी ‘भेटी’ ठरवून दिल्या होत्या. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. चेंडू डावीकडे गेला, उजवीकडे गेला, लपला, परत आला, आणि प्रत्येक हालचालीला एक गाणं. मग लाकडी गोळा, घन आणि दंडगोल. मग आठ छोटे ठोकळे, जे जोडून घर होतं आणि मोडून पुन्हा जोडता येतं. वर्गात मुलं वर्तुळात बसतात, बाई त्यांच्या मधे खाली बसते, छडी नाही. पंतोजींच्या शाळेत उठाबशा काढलेल्या बापाला हे पोरखेळच वाटले असणार. पण हातमागाच्या शहरात चेंडू, दोरी आणि रंग यांना भाषेची फारशी गरज लागत नाही. तीन-चार वर्षांचं मूल घरी काय बोलतं हे या वर्गात आड येत नव्हतं. या वर्गातून शिकलेल्या बाया इतर गावच्या मिशनशाळांत गेल्या आणि त्यांच्याबरोबर ही खाली बसणारी मास्तरीणही गेली. महार-मांगांच्या घरातली मुलगी ‘बाई’ म्हणून उभी राहते आणि सवर्णांची मुलं तिला नमस्कार करतात, हे धर्मग्रंथाच्या कितीही प्रती वाटून झालं नसतं.

याच काळात मिशनच्या पदरात एक वेगळंच काम पडलं, आणि सोलापूरच्या इतिहासात त्याची खूण सगळ्यांत खोल उमटली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो नव्याने करून सगळीकडे लावता येईल असा केला गेला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, आणि सरकारला वाटेल तेव्हा अख्ख्या जमातीला एका जागी कोंडून ठेवण्याची मुभा. मुंबई इलाख्यात हे काम ऑलिव्हर स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने अंगावर घेतलं. सुरुवात विजापुरात झाली आणि मग सोलापूर. सोलापूरच का, याचं उत्तर धुराड्यांत आहे. गिरण्यांना हात हवे होते. सरकारला या लोकांना कामाला लावायचं होतं. दोघांची गरज एकाच ठिकाणी भागत होती.

तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, छप्परबंद, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबं आत आणली गेली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर पास, पास नसताना सापडलात तर शिक्षा. दिवसा गिरणीत पाळी, रात्री कुंपणात. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचीही कायद्यात सोय होती. वर्षानुवर्षं नीट वागलेल्या कुटुंबाला कुंपणाबाहेर घर मिळे, त्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. फ्री, पण हजेरीच्या टप्प्यातली.

या सेटलमेंटचा कारभार सरकारने याच मिशनकडे, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनकडे दिला. पंजाब आणि संयुक्त प्रांतात अशा वसाहती साल्व्हेशन आर्मीकडे होत्या, तेव्हा कल्पना नवी नव्हती. मिशनरी लोक स्वस्तात काम करतात, लाच खात नाहीत आणि त्यांना माणूस सुधारण्याची हौस असते, असा सरकारचा रोकडा विचार होता. मिशनचा विचारही अप्रामाणिक नव्हता. शाळा, दवापाणी, सहकारी पतपेढी, स्वच्छता, चोरीच्या आरोपावरून उगाच धरून नेलेल्या माणसासाठी पोलिसांशी हुज्जत, हे सगळं चांगल्या मनानेच केलं गेलं. पोलिसांच्या दंडुक्यापेक्षा पाद्री बरा, असं आतल्या माणसालाही वाटलं असेल. तरीही कुंपणाची किल्ली आता शुभवर्तमान सांगणाऱ्याच्या कमरेला होती, ही गोष्ट कितीही सद्‌हेतूंनी झाकली जात नाही. ज्याला तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाता येत नाही, त्याने तुमचं ऐकलं याला काय म्हणायचं? आणि गिरणीमालकाचा फायदा तर उघडच होता. संप झाला, पगार कापला, मुकादम शिवी घालून गेला, तरी ज्याला गावच सोडता येत नाही असा मजूर त्याला आयता मिळाला होता.

आणि एक विलक्षण बाब. मिशनच्या वाट्याला खरोखरची बहुभाषक वस्ती आली ती इथे. कैकाड्यांची तमिळ-तेलुगूकडे झुकणारी बोली, टकाऱ्यांची तेलुगू वळणाची, पारध्यांची गुजरातीच्या जवळची, कंजारभाटांची आणखी निराळी. मोकळ्या शहरात मराठी मिशनला जे जमलं नव्हतं, ते चार भाषांच्या माणसांना एका हाकेसरशी जमवणं कुंपणात जमलं, कारण ती हाक हजेरीची होती. या जमातींचं जगणं मराठी वाचकाला आतून कळलं ते फार पुढे, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’सारख्या पुस्तकांतून, १९८० मध्ये. मिशनच्या आणि सरकारच्या अहवालांत आकडे आहेत, सुधारणेच्या कहाण्या आहेत. हजेरीला उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज त्यात शोधूनही सापडत नाही.

दरम्यान शहर बदलत होतं. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं हे पहिलंच वसतिगृह. जीवाप्पा ऐदाळे ते पाहत आणि नगरपालिका त्याला महिन्याला ४० रुपये देई. आकडा लहान आहे, पण अर्थ मोठा. तोवर या भागातल्या महार मुलाला शिकायचं असेल, कुठे तरी राहून दोन वेळा जेवायचं असेल, तर ठळक वाट मिशनच्या बोर्डिंगाची होती. आता धर्म न बदलता शिकण्याची सोय त्याच गावात त्याच्याच लोकांनी काढली होती.

मग १९३० उजाडलं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस सरकारच गावातून नाहीसं झालं आणि १२ मे ते ३० जून लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. ही चार नावं शेजारी-शेजारी वाचली की सोलापूर कसलं गाव आहे ते कळतं. त्यात मिशनच्या मंडळीतलं नाव नाही, आणि कारणं समजण्यासारखी आहेत. पगार अमेरिकेतून, शाळांना अनुदान सरकारचं, सेटलमेंट सरकारची. परदेशी मिशनऱ्यांनी राजकारणात पडायचं नाही, अशी हमी सरकार लिहून घेत असे आणि ती मोडली तर काय होतं हे याच बोर्डाच्या मदुराई मिशनमध्ये तेव्हाच दिसलं. राल्फ कैथान या तरुण पाद्र्याने खादी घातली, गांधीजींचा इंग्रज अनुयायी रेजिनाल्ड रेनॉल्ड्स याला घरी उतरवलं, आणि १९३० मध्येच त्याला हिंदुस्थान सोडावा लागला.

स्टार्टसाहेबांची गाडीही एव्हाना पुढे गेली होती. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सभासदांत डॉ. आंबेडकर होते, ठक्करबाप्पाही होते. कुंपणवाला अधिकारी आणि बाबासाहेब एकाच टेबलाशी बसून १९३० चा अहवाल लिहितात, हे आज वाचताना चमत्कारिक वाटतं. पण त्या काळाच्या गाठी अशाच आहेत.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि प्रत्येक धर्माची माणसं त्यांच्या दाराशी घुटमळू लागली. त्या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९३८ ला सोलापुरातल्या ख्रिस्ती समाजाने त्यांना बोलावलं. अध्यक्षस्थानी रेव्हरंड गंगाधर जाधव होते. समोर बसलेली माणसं कोण असतील? मास्तर, मास्तरीणबाई, नर्स, कंपाउंडर, कारकून. तीन पिढ्यांमागे बहुतेकांची घरं त्याच महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत होती, जिथून बाबासाहेबांची चळवळ उभी राहत होती. यांच्याकडे काय आशेने पाहिलं जात होतं हे ओळखायला कठीण नाही: इतका मोठा माणूस आपल्यात आला तर!

बाबासाहेबांनी त्यांना खूश करायचा प्रयत्न केला नाही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असं ते म्हणाले. समता, बंधुता आणि स्वातंत्र्य शिकवणारा धर्म आपल्याला हवा आहे, हेही सांगितलं. पण मग ते ख्रिस्ती समाजाकडे वळले. दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हे त्यांनी बोलून दाखवलं. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची सरकारी शिष्यवृत्ती जाते, तेव्हा आर्थिक फायद्याचं नाव घेऊ नका, हे सांगितलं. आणि सगळ्यांत बोचरी गोष्ट शेवटी: तुमच्यात शिकलेली शेकडो मुलं-मुली आहेत, तरी अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून उभे राहत नाही. मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला की आपल्या संसारात गुंतला. न शिकलेले अस्पृश्य लढतायत. तुम्ही गप्प का?

मला वाटतं, सोलापूरच्या मिशनवर झालेली ही सगळ्यांत नेमकी टीका. ती मिशनच्या शाळांवर नव्हती. शाळा उत्तम होत्या म्हणूनच तर ही शेकडो शिकलेली मंडळी समोर होती. टीका होती ती आवाराच्या भिंतीवर. पाद्रीसाहेबाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, सरकारला दुखवायचं नाही, शहरातल्या भांडणात पडायचं नाही, ही सवय तीन पिढ्यांत अंगात मुरलेली होती. तारेचं कुंपण सेटलमेंटभोवती होतं तसं एक अदृश्य कुंपण मंडळीभोवतीही होतं, आणि ते बरंचसं त्यांनी स्वतःच जपलं होतं. बोस्टनच्या पैशावर उभं राहिलेलं आवार सोडून शहराच्या कटकटीत उतरणं म्हणजे डोक्यावरचं छप्पर सोडणं होतं, हेही मान्य. पण बाबासाहेबांसमोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी हे बोलणं अगदी अन्यायाचं वाटलं असेल, आणि कोणाला तरी रात्रभर झोप लागली नसेल.

पुढचं सांगायला फार नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटचं कुंपण पंडित नेहरूंच्या हस्ते तोडलं गेलं, अशी आठवण भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत सांगितली जाते. कैकाडी, कंजारभाट, पारधी, छप्परबंद महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या १४ नावांच्या यादीत आले. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता मात्र सोलापुरात आजही टपालावर लिहिला जातो, रिक्षावाल्याला सांगितला जातो. मिशनच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्चमध्ये आणि २९ नोव्हेंबर १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ‘उपासना संगीता’तून तिथे म्हटली जातात.

सभेतला शिष्यवृत्तीचा मुद्दा मात्र मिटला नाही. उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना नाही. त्याविरुद्धची याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, आणि त्याला मुदतवाढही द्यावी लागली. गड्ड्याच्या यात्रेत, चादरीच्या दुकानात किंवा रविवारी चर्चमधून बाहेर पडताना ज्या सोलापूरकराला हा प्रश्न लागू आहे, त्याची ओळख कोणालाच पटणार नाही. तो इतरांसारखाच तीन भाषांत बोलतो.